सात पिढ्यांचा अग्नी

सायंकाळच्या आहुतीपूर्वी हरिहर दीक्षितांनी मनगटावरील पट्टी पाहिली. ती आजही तांबडीच होती. गावातील इतर सर्व पुरुषांच्या पट्ट्या हिरव्या होत्या, कारण धूर निघेल असे त्या गावात आता एकच स्थान उरले होते, ते म्हणजे दीक्षितांच्या घरातील सात पिढ्यांचा होमाग्नी. तांबडी पट्टी म्हणजे धुरामुळे देहातील ऑक्सिडीकरणाचा ताण वाढून पुरुषबीज भंगल्याची खूण. ती हिरवी झाल्याखेरीज परतणार नाही, असे सांगून त्यांची पत्नी सुमेधा वर्षापूर्वी माहेरी गेली होती.

पडद्यावर ती आज हसतच बोलली. "अहो, अग्नीला वारस हवा म्हणून मूल हवं, आणि अग्नीमुळेच ते होत नाही. मी हसू की रडू?"

"सात पिढ्या तो विझलेला नाही, सुमेधा."

"अरणीची लाकडं घुसळली की तो परत पेटेल. माझं वय परत येणार नाही."

दीक्षितांनी हात जोडले, अग्नीची क्षमा मागितली आणि कुंडात दूध ओतून तो विझवला. नवे, निरोगी बीज घडण्यास आता तीन महिने लागणार होते. त्या घरात एवढा काळोख त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"जेवलात का?" तिने हळूच विचारले.

"त्याला दिल्यावाचून मी कधी जेवलो नाही. आता कोणाला देऊन जेवू?"

मग ती म्हणाली, "पान वाढून घ्या. मी इथेच बसते."