पत्रा फिरवणारा हात

योरिसने उजव्या हातात कोरणी धरली आणि डावा हात छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर ठेवला. पत्रा हलला नाही. हिवाळ्यात आलेल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर तो हात नुसता पडून असायचा. कोरणी जागेवर राहते आणि वाळूच्या उशीवरचा पत्रा तिच्याखाली फिरतो, तेव्हाच रेष वळते. पत्र्यावर कोरायची, ॲटलासच्या जागी आकाश पेलणाऱ्या हर्क्युलिसची पाठ तर सगळी वळणांचीच होती. ती शनिवारपर्यंत झाली नाही, तर हार्लेमचा प्रकाशक काम दुसऱ्याला देणार होता.

"सरका," त्याची बायको हिले स्टूल ओढत म्हणाली. "मी फिरवते."

"ही कणकेची परात नाही."

"दिसतंय की. सलगमांचं पोतं आहे."

"ज्युपिटरच्या मुलाची पाठ आहे ती."

तिच्या घाईने पहिली रेष खांद्याबाहेर गेली. योरिसने ती घासून काढली. रेष ओढताना तो सावकाश श्वास सोडतो, हे तेवढ्यात हिलेच्या लक्षात आलं होतं. या वेळी त्या श्वासाबरोबर तिने पत्रा फिरवला. तांब्याची बारीक साल कोरणीपुढे न तुटता निघत गेली. रेष खांद्याला वळसा घालत जाड झाली आणि टोकाला केसासारखी बारीक होऊन थांबली.

योरिस भिंगातून बराच वेळ पाहत राहिला.

"अशा अजून किती?" हिलेने विचारलं.

"पाठीला आठशे. मग मांड्या."

तिने बाह्या वर सारल्या आणि पत्रा पुढच्या रेषेच्या सुरुवातीवर आणून ठेवला.