आठवतंय मला

"घ्या नान, बहमन आगा."

"यादम," म्हणत बहमननं गरम नान हातात घेतला.

"अहो, मी काय तुमची बायको आहे?" भट्टीवाला हसला. रांगेतलं कुणीच हसलं नाही. बहमनची बायको फरंगीस हिला जाऊन दोन महिने झाले होते.

काशानच्या त्या गल्लीत हा खेळ पोराबाळांनाही ठाऊक होता. कोंबडीच्या छातीचं दोन टोकांचं हाड दोघांनी ओढून मोडायचं. तिथून पुढे एकमेकांच्या हातून काहीही घेताना 'यादम', म्हणजे 'आठवतंय मला', म्हणायचं. विसरला तो हरला. मग जिंकणारा सांगेल ते त्यानं मुकाट्यानं करायचं.

बहमन पुस्तकं बांधायचा. डिंक, दोरा आणि गप्प बसणं, एवढंच त्याला जमे. फरंगीस त्याला जन्मभर हरवत आली. न्हाणीघरातून टॉवेल मागितला तर तिनं दारातून कोबीचा गड्डा दिला. ईदच्या पाहुण्यांसमोर त्याच्याच हातात त्याचा बूट ठेवला. हरला की त्याला कधी गाणं म्हणावं लागे, कधी गच्चीवर पतंग उडवावा लागे. लाजून मरायचा बिचारा. पण दुसऱ्या दिवशी कोंबडी तोच आणायचा.

शेवटचं हाड त्यांनी इस्पितळात मोडलं.

"मी जिंकले तर तुम्ही तेहरानला गुलनारकडे राहायचं. इथं एकट्यानं नाही," ती म्हणाली होती.

तीन दिवसांनी ती गेली. डाव अर्धाच राहिला. तिचं घर सोडून बहमनला कुठंही जायचं नव्हतं. म्हणून कुणीही काहीही देवो, तो आधी 'यादम' म्हणायचा. न जाणो.

गुलनार, त्याची मुलगी, आज त्याला न्यायला येणार होती. नान ठेवून तो खिडकीशी पुस्तक शिवायला बसला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात भांडं वाजलं. तिच्याकडे किल्ली होतीच.

"आलीस?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"आले. सामान बांधलंत?"

"नाही. अजून हरलेलो नाही मी."

"केवढे हट्टी आहात!"

"तुझ्या आईनं शिकवलं."

आत कुणीतरी खुदकन हसलं. "खोटं. तुम्ही आधीपासूनच तसे."

टाका अवघड जागी आला होता. तेवढ्यात खांद्यावरून चहाचा पेला पुढे आला. त्यानं डाव्या हातानं तो घेतला, एक घोट घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा वेलची बरोबर पडली होती.

"मला आठवतंय, तुम्ही विसरलात," मागून आवाज आला.

बहमनला हसू फुटलं. "अगं बेटा, डाव तुझ्याशी कुठं होता?"

बाहेरच्या दारावर थापा पडल्या.

"बाबा! आतून कडी का लावलीत? अर्धा तास झाला, मी बाहेरच उभी आहे!"