अर्धा-अर्धा मफलर

लंडनचा जावई आमच्या फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांच्या बसमध्ये चढला तो गळ्यात अर्धा लाल, अर्धा निळा मफलर घालून. लाल आम्ही, निळे ते, ज्यांच्याशी आज सामना. परगावच्या मैदानावर असला मफलर सहलीला आलेले दीडशहाणे घेतात. “कॅलम, माझ्या पोरीशी लग्नही अर्धंच केलंयस का रे?” मी विचारलं. सगळी बस हसली. सामना हरलो. परतताना गल्लीच्या तोंडाशी निळ्यांच्या टोळक्यानं आम्हा दोघांना अडवलं. “म्हाताऱ्या, कुठला तू?” माझा लाल मफलर मी केव्हाच कोटात कोंबलेला. कॅलमनं आपला मफलर निळी बाजू वर करून माझ्या गळ्यात घातला. “सासरे आहेत माझे. जन्माचे निळे.” “मग म्हणा आजोबा, आपलं निळ्यांचं गाणं,” टोळक्यातला एक म्हणाला. त्या गाण्याला चाळीस वर्षं शिव्या घातलेल्या, तोंडपाठ होतं. खणखणीत गायलो. जावई माझ्याकडे बघत होता, सकाळी बसमध्ये मी त्याच्याकडे बघत होतो तसा.