कधीपासून, कधीपर्यंत

"ताई, अबॅकस, कथक, ऑलिंपियाड... हे तर सगळ्यांकडेच असतं. मलाच का घेतील?"

शेजारची मृण्मयी माझ्या पलंगावर सर्टिफिकेटं पसरून बसली होती. तिच्या मांडीवरचं माझं अकरा महिन्यांचं बाळ त्यातलंच एक चोखत होतं. बंगळुरूच्या कॉलेजचा फॉर्म आज संध्याकाळी पाचला बंद होणार होता. निवड झाली तर जूनमध्ये जायचं होतं.

"रोज चार ते सहा काय करतेस, ते लिही की."

"बाळ सांभाळते. त्याचं कुठंय सर्टिफिकेट?"

अंगात त्राण नव्हतं, तरी मी उठून तिची वही काढली. बाळाच्या पाठीमागे ती ताटली वाजवायची आणि वहीत लिहायची, 'आज वळलं नाही.' आमच्याकडे सगळे तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून हसायचे. सतरा दिवस तेच लिहिल्यावर तिनेच मला कानाच्या डॉक्टरांकडे ढकललं. आता दोन्ही कानांना ऐकायचं मशीन आहे आणि तिची हाक आली की बाळ वळतं.

"हे लिही. खात्री करायला माझा नंबर दे."

ती भराभर टाइप करत गेली. 'कधीपासून' पुढे ऑगस्ट. 'कधीपर्यंत' पुढे तिने लिहिलं, 'चालू आहे'.

"आणि ताई, मी गेल्यावर तुम्ही झोपणार कधी? दिवसातले हेच तर दोन तास."

मी लॅपटॉप ओढला, 'चालू आहे' पुसून 'जून' लिहिलं आणि बाळाला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं.