पाटीवरच्या तीन ओळी

“ऐकू येतंय का?” पाळकसाहेबांनी चौथ्यांदा विचारलं आणि भिंगरीने चौथ्यांदा कपाळावर हात मारून घेतला.

“येतंय हो, साहेब. त्यांना येतंय, आम्हाला येतंय, पलीकडच्या गल्लीलाही येतंय. बोला पुढे.”

लॅपटॉप तिच्या ताब्यात होता. चर्चच्या हॉलमधल्या पडद्यावर साता समुद्रापलीकडचा दवाखाना दिसत होता. पुढे मंडळीने तिकडे पाठवलेल्या नर्सताई, मागे त्यांच्या साक्षरता वर्गातली पिकल्या केसांची माणसं, मांडीवर पाट्या घेऊन. दोन वर्षांतला पहिला व्हिडिओ कॉल!

नर्सताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात पाळकसाहेबांचं स्वागतपर भाषण सुरू झालं. ते संपल्यावर ताईंनी पुन्हा तोंड उघडलं, तर गायनमंडळ उभं राहिलं. पाच कडवी! एक गाळलं असतं तर आभाळ कोसळणार होतं का? मग सेक्रेटरीकाकांचा अहवाल. औषधांची खोकी किती पाठवली, पुस्तकांची किती. जणू नर्सताईंनी ती खोकी कधी पाहिलीच नव्हती.

“काका, त्यांना काहीतरी सांगायचंय,” भिंगरी कुजबुजली.

“सांगतील की. पळून जातायत का? तू माझा आवाज वाढव.”

मग प्रार्थना. “प्रभू, तिथल्या प्रत्येक लेकराला निरोगी ठेव...” सगळ्यांचे डोळे मिटलेले, एकट्या भिंगरीचे टक्क उघडे. नर्सताईंनी मागच्या आजोबांची पाटी ओढली, खडूने भराभर काहीतरी लिहिलं आणि ती त्यांच्याच हातात उंच धरायला दिली.

“आमेन.” डोळे उघडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“अगं बाई! आजोबा लिहायला शिकले!” गायनमंडळाच्या मावशींनी पदराने डोळे टिपले. “तेही आपल्या भाषेत! साहेब, याच्यावर अजून एक गीत झालंच पाहिजे.”

टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. वाचलं कोणीच नाही.

भिंगरीने वाचलं आणि सरळ कॉल तोडला. पडदा काळा.

“कोणी बंद केलं?” मावशी कडाडल्या.

“मी!” ती उठून उभीच राहिली. “काय लिहिलं होतं, ऐका. ‘बॅटरी एकच आहे. कॉलसाठी लसींचा फ्रीज बंद केलाय. लवकर आटपा.’ लेकरांच्या लसी आहेत त्यात, मावशी. गा आता.”

पाळकसाहेब खाली बसले.

“पण मी म्हणतो,” सेक्रेटरीकाकांनी चष्मा पुसला, “एवढं महत्त्वाचं होतं, तर नर्सताईंनी आधीच बोलायचं ना!”

काकांच्या हातातला, त्यांनीच टाईप केलेला कार्यक्रमाचा कागद भिंगरीने घेतला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांच्यासमोर धरला.

‘९. नर्सताईंचे दोन शब्द, वेळ उरल्यास.’