चढाईतला शब्द

आमच्या सुनेला तोंड आवरत नाही, हे मी तिच्या लग्नापासून सांगतेय. पण कबड्डीच्या फायनललाही ती ऐकायची नाही, असं वाटलं नव्हतं.

आमच्या सरकारी दवाखान्यात दीड वर्ष डॉक्टर नाही. बायकांनी तसे फलक लिहून आणले, तर संयोजकांनी ते गेटवरच काढून घेतले. "मावशी, खेळात राजकारण नको!" आणि पोरींच्या टी-शर्टवर प्रमुख पाहुणे असलेल्या आमदारसाहेबांचा हसरा फोटो छापलेला, तो काय खंडोबाचा होता?

शेवटची चढाई, गुण सारखे. आमच्या कॅप्टनबाई, म्हणजे सूनच, दम भरून समोरच्यांच्या अंगणात शिरल्या आणि "कबड्डी कबड्डी" सोडून साहेबांकडे बघत सुरू झाल्या, "डॉक्टर डॉक्टर डॉक्टर!"

पंचांनी शिट्टी वाजवली. शब्द बदलला म्हणून गुण समोरच्या गावाला, आणि चषकही त्यांनाच. माझा हात चपलेकडे गेला.

तेवढ्यात त्यांची कॅप्टन चषक घ्यायला गेली. दवाखाना त्यांचाही तोच. चषक डोक्यावर धरून ती पोरगी साहेबांच्या कानाशीच ओरडली, "डॉक्टर डॉक्टर डॉक्टर!" मग सगळं मैदान ओरडायला लागलं, आणि पंचांची शिट्टी खिशातच राहिली.

सून मान खाली घालून माझ्यापुढे आली. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "शब्द बरोबर होता बये, वेळ चुकली. पुढच्या वर्षी आधी गडी मारून ये. चषक हातात असलेल्या बाईला शिट्टी वाजवून कुणी गप्प बसवत नाही."