घरचा कायदा

लासुर्ण्याच्या रंगुबाईंच्या घरात एकच कायदा होता. नातीला लागलं, की ज्यानं लावलं त्याला फटका! तीन वर्षांची आर्वी उंबऱ्याला अडखळली की रंगुबाई उंबऱ्याला चापट मारायच्या, खाट लागली की खाटेला. "हात् रे! माज्या सोन्याला लावतोस व्हय?" एवढं म्हटलं की पोरीचं रडणं जागच्या जागी थांबायचं.

त्या सकाळी डेअरीला न्यायची दुधाची किटली आर्वीच्या धक्क्यानं लवंडली आणि तिच्या बापानं, सुयशनं, रागाच्या भरात तिच्या गालावर एक ठेवून दिली. पोर भोकाड पसरून आजीकडं पळाली.

"कुणी लावलं माज्या सोन्याला?" रंगुबाईंचा हात सवयीनं वर गेला.

आर्वीनं बापाकडं बोट दाखवलं.

आली का पंचाईत! पण कायदा म्हणजे कायदा. रंगुबाईंनी पदर खोचला आणि चौतीस वर्षांच्या लेकाच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. "हात् रे!"

आर्वी खुदकन हसली. सुयश पाठ चोळत म्हणाला, "आई, तुजा हात अजून तसाच हाय बघ. ल्हानपणी काय सांडलं की असाच बसायचा."

"मग! म्हणून तर वळण लागलं तुला."

आर्वी हे सगळं कान देऊन ऐकत होती. ती बापाजवळ गेली, त्याच्या पाठीवर फुंकर घातली आणि इवलासा हात वर करून विचारलं, "कुणी लावलं माज्या सोन्याला?"



रंगुबाईंनी आपला उजवा हात गुपचूप पदराखाली घेतला.